कोडं सुटतं, संसार सुटत नाही

(घरगुती रहस्यकथा आणि शोध लावणारीचं स्वतःचं घर : एक अभ्यास-टिपण)



मंडळाच्या मागच्या बैठकीत रहस्यकथांवर गप्पा रंगल्या होत्या. बोलता बोलता कुणीतरी विचारलं, "समजा, नार्वेत खून झाला. शोध कोण लावणार?" एक जण म्हणाला, "पोलीस, आणखी कोण?" त्यावर मागच्या बाकावरून उत्तर आलं, "पोलीस डिचोलीहून येईपर्यंत फेरीबोटीतल्या बायकांनी खुनी शोधलेला असेल!" सगळे हसले, मीही हसले. पण घरी जाताना ते वाक्य डोक्यात राहिलं, कारण त्या फेरीबोटीतल्या बायकांमध्ये कित्येक वर्षं माझी मावशी असायची. तिच्याविषयी पुढे सांगते. आधी अभ्यासाचं बोलू.

या टिपणाचा प्रश्न साधा आहे. दुसऱ्यांच्या घरातली कोडी सोडवणाऱ्या बाईच्या स्वतःच्या घरात सुख नसेल, तर त्या रहस्यकथेचं काय होतं?

घरगुती रहस्यकथा म्हणजे काय?

इंग्रजीत जिला 'कोझी मिस्टरी' म्हणतात, तिला मी इथे घरगुती रहस्यकथा म्हणते. तिच्यात खून होतो, पण पानावर रक्त सांडत नाही. जागा लहान असते, बहुतेक वेळा एखादं खेडं. शोध घेणारी व्यक्ती पोलीस नसते. निवृत्त शिक्षिका असेल, ग्रंथपाल असेल, बेकरीवाली असेल, नाहीतर पाद्री. तिच्याकडे पिस्तूल नसतं, प्रयोगशाळा नसते. माणसं बघायची सवय असते, बस्स. शेवटी खुनी सापडतो आणि गाव पुन्हा आपल्या कामाला लागतं. ही शेवटची गोष्ट फार महत्त्वाची. विस्कटलेली घडी परत बसताना बघायची, म्हणून तर आपण असं पुस्तक उशाशी घेऊन झोपतो.

हा प्रकार फुलला तो दोन महायुद्धांच्या मधल्या काळातल्या इंग्लंडमध्ये. तेव्हा लेखकांनी याचे चक्क नियम केले होते. १९२८ साली एस. एस. व्हॅन डाइन या अमेरिकन लेखकानं वीस नियम छापले. पुढच्याच वर्षी रोनाल्ड नॉक्स यांनी दहा नियमांची यादी दिली. हे नॉक्स कॅथलिक धर्मगुरू होते, त्यामुळे दहा आज्ञांची सवय त्यांना असणारच! नियमांचा गाभा एकच : वाचकाला फसवू नका. जो धागा गुप्तहेराला दिसतो तो वाचकालाही दिसला पाहिजे.

व्हॅन डाइनच्या यादीतला एक नियम आपल्या विषयाचा आहे. रहस्यकथेत प्रेमप्रकरण नको, असं तो बजावतो. गुन्हेगाराला न्यायासमोर आणायचं की प्रेमिकांना बोहल्यावर चढवायचं, एक काय ते ठरवा, असा त्याचा रोख. हा नियम सगळ्यांनी पाळला असं नाही. पण त्या काळचे मोठे गुप्तहेर आठवून बघा. शेरलॉक होम्स एकटा. हर्क्यूल प्वारो एकटा. मिस मार्पल अविवाहित. चेस्टरटनचा फादर ब्राऊन तर धर्मगुरूच. या कथांमध्ये दुःखी संसार भरपूर असतात, पण ते खून झालेल्याचे नाहीतर संशयितांचे. गुप्तहेर उंबऱ्यावर उभा राहून ते बघतो. कधीच आजारी न पडणाऱ्या डॉक्टरसारखा.

अगाथाबाईंचे अकरा दिवस

ज्या लेखिकेनं हा प्रकार घरोघर नेला, तिच्या स्वतःच्या घरात मात्र काय चाललं होतं ते पाहा. (आडनावामुळे घोटाळा नको म्हणून मी त्यांना अगाथाबाईच म्हणते.)

३ डिसेंबर १९२६ च्या रात्री अगाथा ख्रिस्ती मोटार घेऊन घरातून निघून गेल्या. मोटार दुसऱ्या दिवशी सरे परगण्यात रस्त्याच्या कडेला सापडली, बाई नाहीत. सगळ्या देशात शोध सुरू झाला. शेरलॉक होम्सचे जनक कॉनन डॉइल यांनी त्यांचा हातमोजा मिळवून एका माध्यमाला, म्हणजे आत्म्यांशी बोलतो म्हणणाऱ्याला, दाखवला. डोरोथी सेयर्स या दुसऱ्या रहस्यकथाकार मोटार सापडलेली जागा बघून आल्या. शेवटी १४ डिसेंबरला हॅरोगेट गावच्या एका हॉटेलात त्या सापडल्या. तिथे त्यांनी नाव लावलं होतं नील. नवरा आर्ची ज्या बाईच्या प्रेमात पडला होता, तिचं हे आडनाव. १९२८ मध्ये घटस्फोट झाला.

त्या अकरा दिवसांबद्दल अगाथाबाई जाहीरपणे जवळजवळ कधीच बोलल्या नाहीत. त्यांच्या मृत्यूनंतर १९७७ साली त्यांचं आत्मचरित्र आलं, त्यातही हे प्रकरण गाळलेलं आहे. दुसऱ्यांच्या घरातलं प्रत्येक गुपित शेवटच्या प्रकरणात दिवाणखान्यात सगळ्यांसमोर उघड करणारी लेखिका स्वतःच्या घराचं दार लावून घेते!

आता तारखा जुळवून बघा. मिस मार्पल पहिल्यांदा छापील पानावर आली ती डिसेंबर १९२७ मध्ये, एका लघुकथेत. म्हणजे संसार मोडल्यानंतर आणि घटस्फोटाच्या आधी. तिची पहिली कादंबरी 'द मर्डर ॲट द व्हिकरेज' १९३० ची. एकामुळे दुसरं झालं असं मी म्हणणार नाही, त्याला पुरावा नाही, आणि पुराव्याशिवाय बोलायचं नाही हे तर याच कथांनी शिकवलं. पण त्या वेळी अगाथाबाईंनी अशी बाई उभी केली, जिला नवरा नाही, घर लहान आणि नीटनेटकं आहे, आणि गोड बोलणाऱ्या माणसावर तिचा पटकन विश्वास बसत नाही, एवढं तर दिसतंच.

त्या दुःखावरही अगाथाबाईंनी लिहिलं, पण रहस्यकथेत नाही. मेरी वेस्टमॅकॉट या टोपणनावानं त्यांनी काही कौटुंबिक कादंबऱ्या लिहिल्या. त्यातल्या १९३४ च्या 'अनफिनिश्ड पोर्ट्रेट'मध्ये मोडलेल्या लग्नाची गोष्ट येते. म्हणजे दोन नावं आणि दोन कपाटं : एकात खून, दुसऱ्यात संसार.

दोन कपाटं एकत्र

पुढे काही लेखिकांनी ही कपाटं एकत्र केली. ठळक उदाहरण म्हणजे एम. सी. बीटन यांची अगाथा रेझिन. ही मालिका १९९२ मध्ये सुरू झाली. लंडनमधली जाहिरात-प्रसिद्धीची कंपनी विकून रेझिनबाई एका सुंदर खेड्यात राहायला येतात. गावातल्या स्पर्धेत विकत आणलेला पदार्थ स्वतःचा म्हणून ठेवतात, तो खाऊन परीक्षक मरतो आणि बाईंना शोध लावावाच लागतो. इथपर्यंत मजेमजेचं. पण पुढे त्या शेजारच्या जेम्सशी लग्न करायला उभ्या राहतात, तेव्हा मेला असेल असं धरून चाललेला पहिला दारुडा नवरा भर समारंभात हजर होतो. नंतर जेम्सशी लग्न होतंही, आणि ते इतकं बिनसतं की २००१ च्या 'लव्ह फ्रॉम हेल' या कादंबरीत तो नाहीसा होतो आणि संशय बाईंवरच येतो. इथे गुप्तहेर उंबऱ्यावर उभी नाही. ती घराच्या आत आहे, स्वतःच संशयित आहे.

यामुळे कथेत काय बदलतं? एक म्हणजे गावाचा विश्वास. मिस मार्पलला लोक म्हातारी म्हणून हलकं लेखतात. दुःखी संसारातल्या बाईला मात्र टोमणा मिळतो, "स्वतःचं घर सांभाळता येत नाही, आणि चालली दुसऱ्याचं बघायला!" दुसरं म्हणजे शेवट. खुनी पकडला की मिस मार्पल घरी जाऊन विणकाम हातात घेते. ही बाई घरी जाते तेव्हा तिच्यासाठी काहीच सुटलेलं नसतं.

मराठीत काय झालं?

मराठीत रहस्यकथा कमी नाहीत. बाबूराव अर्नाळकर आणि गुरुनाथ नाईक या दोघांनीच प्रत्येकी हजारावर पुस्तकं लिहिली असं सांगतात. आपल्या आजोबांच्या पिढीनं झुंजार, काळा पहाड, कॅप्टन दीप ही मंडळी कंदिलाच्या उजेडात वाचली. अर्नाळकरांच्या झुंजारला बायको आहे, विजया. पण ती त्याची साथीदार आहे. त्यांच्या घरात भांडणाला वेळच नाही, रोज नवा खलनायक येतो!

दुःखी संसार मराठीत दुसऱ्या कपाटात राहिला. हरिभाऊ आपट्यांच्या 'पण लक्षात कोण घेतो?'मधली दुर्गी आठवा, १८९० च्या दशकातली. विभावरी शिरूरकरांच्या 'हिंदोळ्यावर'मधली अचला आठवा, १९३४ मधली, नवऱ्यापासून वेगळी राहणारी. या बायका किती बारकाईनं बघतात! पण त्यांना खून सोडवायला कुणी बोलावलं नाही. आणि झुंजारला कुणी विचारलं नाही की बाबा, तुझ्या घरी सगळं ठीक आहे ना?

खऱ्या आयुष्यात ही दोन कपाटं वेगळी नसतात. मुंबईच्या रजनी पंडित आपल्याकडच्या पहिल्या काही महिला गुप्तहेरांपैकी एक म्हणून ओळखल्या जातात. एका प्रकरणात त्या संशयित बाईच्या घरी कामवाली बनून राहिल्या, ही गोष्ट त्यांच्या मुलाखतींतून सगळीकडे गेली आहे. पिस्तूल घेऊन आत जाता येत नाही, झाडू घेऊन जाता येतं. घर ज्याला वाचता येतं, त्याला गुन्हा वाचता येतो.

नार्वेची बाजू

आता आपल्या गावाकडे येऊ. मला वाटतं, अशी कथा लिहायला नार्वे आणि समोरचं दिवाडी बेट यांच्यासारखी जागा शोधून सापडणार नाही.

मध्ये मांडवी. दिवाडीहून फेरीबोट येते आणि जाते. कोण कुठल्या फेरीनं गेलं, कोणाची चुकली, कोण आज सायकल न घेता आलं, हे सगळ्यांना माहीत. खुनाच्या वेळी मी पलीकडे होतो, असं म्हणणाऱ्याची साक्ष फेरीवालाच देणार. गोकुळाष्टमीला नार्वेत स्नानाला गर्दी लोटते, त्या दिवशी मात्र कोण कुठे होतं ते सांगणं कठीण. म्हणजे खुनासाठी दिवससुद्धा ठरला!

खुनाचं कारण आपला कायदाच देतो. गोव्यात लग्नाचा आणि मालमत्तेचा कायदा १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेवर उभा आहे आणि तो सर्व धर्मांना लागू आहे. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता एकत्र होते, दोघांचा अर्धा-अर्धा हिस्सा. घर किंवा भाट विकायचं तर दोघांच्याही सह्या लागतात. मृत्युपत्र करूनसुद्धा मुलांचा राखीव वाटा बापाला दुसऱ्याला देऊन टाकता येत नाही. त्यात भाटकार आणि मुंडकार यांचे जुने वाद, १९७५ च्या मुंडकार कायद्यानंतरचे. मुंबईच्या रहस्यकथेत हिऱ्यांचा हार लागतो. आपल्याकडे नारळाची वीस झाडं आणि एक सही पुरते.

आम्हा कॅथलिकांच्या बाबतीत आणखी एक पदर आहे. आमच्यात विवाह हा संस्कार आहे, तो मोडता येत नाही. चर्चचं न्यायासन नीट चौकशी करून फार तर एवढंच जाहीर करू शकतं, की हा विवाह मुळातच वैध नव्हता. म्हणजे कित्येक जोडपी मनानं कधीच वेगळी झालेली असतात, पण मिसाला एका बाकावर बसतात आणि विक्रीखतावर एकाखाली एक सह्या करतात. रहस्यकथा लिहिणाऱ्यानं हे नीट बघावं. पाच वर्षं न बोललेला नवरा एके दिवशी अचानक गोड बोलू लागला, तर आपल्या गोव्यातल्या गुप्तहेर बाईनं पहिला प्रश्न विचारायला हवा : कागद कुठे आहे?

माझी मावशी

आता मावशीविषयी सांगते. ती दिवाडीची. रोज फेरीनं नार्वेला येऊन ती शिवणकाम करायची. नवरा तारवटी, आठ-नऊ महिने बोटीवर. तो घरी आला की घर गप्प व्हायचं. मारहाण नाही, आरडाओरडा नाही. फक्त बोलणं नाही. फाटकाची कडी कशी वाजली यावरून आज जेवण दोन ताटांचं की एका, हे मावशीला कळायचं. आम्ही मुलं सुट्टीत तिच्याकडे जायचो तेव्हा ते कौतुकानं बघायचो. जादू वाटायची आम्हाला. ती जादू नव्हती, हे कळायला मला मोठं व्हावं लागलं. घरातल्या हवेचा अंदाज रोज घ्यावा लागला की कान असेच तयार होतात.

एकदा नार्वेतली एक नवी सून चोळ्या घेऊन आली, कमी करून द्या म्हणाली. दोन महिन्यांनी परत तेच. मावशीनं टेप लावली, आकडा वहीत लिहिला, मागचा आकडा बघितला आणि काही बोलली नाही. संध्याकाळी मात्र फेरी सोडून ती त्या मुलीच्या माहेरच्या ओळखीच्या बाईकडे गेली आणि म्हणाली, "पोर जेवत नाही. कुणीतरी जाऊन बघा." माहेरचे आले. पुढे त्या मुलीचं बरं झालं, एवढंच मला माहीत आहे. रहस्यकथेत याला धागा म्हणतात. मावशीच्या वहीत ते दोन आकडे होते.

चेस्टरटनचा फादर ब्राऊन १९१० च्या 'द ब्लू क्रॉस' या कथेत चोराला ओळखतो, ते असंच. तुम्हा साध्या पाद्र्याला एवढं पाप कसं कळतं, असं चोर विचारतो. उत्तराचा आशय असा, की जो दिवसभर माणसांची खरी पापं ऐकतो त्याला वाईटाची ओळख असणारच. फादर ब्राऊनला हे ज्ञान कुमसारातून, म्हणजे पापनिवेदनातून मिळालं. मावशीला ते तिच्या स्वयंपाकघरातून मिळालं. दोघांनाही पुष्कळ कळतं आणि दोघांनाही ते बोलून दाखवता येत नाही.

पण मला छळणारी गोष्ट वेगळीच आहे. मावशीनं गावातल्या सगळ्यांची मापं घेतली. तीही त्या वर्षांत बारीक होत होती. तिचं माप कुणी घेतलं नाही. आम्ही सगळे संध्याकाळी एकत्र तेर्स म्हणायचो, तिच्या शेजारी बसायचो, आणि कुणी विचारलं नाही. मीसुद्धा नाही.

म्हणून मला वाटतं, ज्या कथेतल्या गुप्तहेर बाईचा संसार दुःखी आहे तिथे खरं रहस्य खून नसतंच. सगळ्यांचं बघणाऱ्या बाईकडे कोण बघतं, हे खरं रहस्य.

शेवट कसा करावा?

लिहिणाऱ्यांसाठी इथे तीन सोप्या वाटा आहेत. नवऱ्यालाच खुनी ठरवायचं. नवऱ्यालाच मारून टाकायचं. नाहीतर शेवटच्या पानावर त्याला पश्चात्ताप होऊन दोघांना बाल्कांवात चहा पीत बसवायचं. तिन्हींत लेखकाची सोय आहे, पण त्या बाईला काय मिळालं? दुःखी संसार हा कथेचा मसाला नाही. त्याचा उपयोग केला तर त्याचा हिशेबही दिला पाहिजे.

मग घडी परत बसायची कशी? मला नार्वेच्या सप्तकोटेश्वराची आठवण येते. कदंबांचा हा देव मूळचा दिवाडीवरचा. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी ते देऊळ पाडलं आणि देव नदीपलीकडे आला. १६६८ साली शिवाजी महाराजांनी त्याचं देऊळ नार्वेत बांधून घेतलं, आणि २०२३ मध्ये त्याचं नूतनीकरण पूर्ण झालं. मी कॅथलिक, माझ्या धर्माच्या नावानं जे पाडलं गेलं ते वाचताना मान खाली जाते. पण त्या गोष्टीतून एक शिकले. मोडलेलं कधी कधी मोडल्या जागी उभं राहत नाही. नदीच्या दुसऱ्या काठावर ते उभं राहू शकतं.

आपल्या कथेतल्या बाईलाही असा दुसरा काठ द्यावा. तिचा संसार जुळलाच पाहिजे असं नाही. पण तिची अशी एखादी खोली असावी, शिवणाचं मशीन असावं, फेरीत तिची वाट बघणारी एक मैत्रीण असावी. शेवटच्या पानावर कुणीतरी तिला विचारावं, "तू जेवलीस का?" एवढं झालं तरी घरगुती रहस्यकथेचं वचन पाळलं गेलं असं मी म्हणेन.

करून बघा

पुढच्या बैठकीसाठी तीन छोटे अभ्यास :

१. तुमच्या गावातली अशी एक व्यक्ती निवडा, जिला कामानिमित्त घराघरांतलं कळतं : पोदेर, पोस्टमन, शिंपीण, रेंदेर. तिला फक्त तिच्याच कामातून कळेल असा एक धागा पाच ओळींत लिहा.

२. ज्या घरात बोलणं बंद आहे, त्या घरातली सकाळ लिहा. 'दुःख', 'अबोला', 'अश्रू' हे शब्द वापरायचे नाहीत. भांडी, दारं, चपला यांच्यावरून वाचकाला कळलं पाहिजे.

३. गुन्हा उघड झाल्यानंतर गुप्तहेर बाई घरी परतते. ते शेवटचं पान लिहा. नवरा मरायचा नाही, सुधारायचा नाही.

तिसरा अभ्यास मी स्वतः चार वेळा लिहून फाडला आहे. पाचव्यांदा लिहायच्या आधी मी फेरी धरून दिवाडीला गेले. मावशीनं आता शिवण सोडलंय, डोळे साथ देत नाहीत. मी जुनी वही मागितली, टेप काढली आणि म्हटलं, "मावशी, उभी राहा, आज तुझं माप घेते." ती हसली, नको नको म्हणाली, मग उभी राहिली. आकडा मी वहीत लिहून ठेवलाय. पुढच्या महिन्यात परत जाणार आहे.